खुणेवरून ओळख

आषाढ लागला म्हणजे माढ्याच्या परिसरांतील वाटा पंढरीकडे वळूं लागतात. माढा हें सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. माढेश्वरीचें देऊळ आणि रावरंभा निंबाळकरांचा किल्ला हीं त्याचीं जुनीं भूषणें. पंढरपूर तेथून फार दूर नाहीं. त्या दिवसांत या मुलखांतून दिंड्या जातात, आणि दुरून पाहणारास सगळे वारकरी एकसारखेच दिसतात. तेंच पांढरें धोतर, तीच टोपी, गळ्यांत तीच तुळशीची माळ. अशा गर्दींत आपलें माणूस चुकलें तर शोधावें कसें? एकेक चेहरा न्याहाळूं म्हटलें तर दिवस मावळेल. जाणता मनुष्य चेहऱ्यांच्या मागें लागतच नाहीं. "तुमची दिंडी कोणती? रथापुढची कीं मागची? कितवा क्रमांक?" एवढेंच तो विचारतो, आणि त्या खुणेवरून लाखांतलें माणूस हुडकून काढतो.

श्रोतेहो, आज मला आपणांस ज्या शोधाचा इतिहास सांगावयाचा आहे, तो असाच गर्दींतल्या खुणेचा इतिहास आहे. मात्र ही गर्दी रस्त्यावरची नाहीं. ती आपल्या रक्तांतली आहे.

रक्तांतील पांढऱ्या पेशींमध्यें लसीकापेशी म्हणून एक वर्ग आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर प्रत्येक लसीकापेशी दुसरीसारखी: वाटोळा आकार, मधोमध मोठें केंद्रक, आणि त्याच्या भोंवतीं जीवद्रव्याची बारीकशी कड. रंग देऊन पाहिलें, तरी एकीचा दुसरीपासून भेद कळत नसे. १९६१ सालीं लंडन येथें जाक मिलर यांनीं नवजात उंदरांची थायमस ग्रंथि काढून पाहिली, तेव्हां त्या उंदरांची रोगप्रतिकाराची शक्तीच लुळी पडली. छातीच्या हाडामागें दडलेली ही ग्रंथि निरुपयोगी आहे असा जो समज होता, तो त्या दिवसापासून मोडला. तिच्यांत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पेशींना पुढें टी-लसीकापेशी हें नांव मिळालें. त्यांतल्या कांहीं इतर पेशींना साहाय्य करतात, तर कांहीं रोगट पेशींना ठार मारतात, हेंहि हळूहळू उलगडलें. परंतु माणसाच्या रक्ताच्या एका थेंबांत साहाय्यक किती आणि मारक किती, हें सांगावें कसें? कामें निराळीं, पण रूप एकच! चेहरा पाहून उलगडा होण्यासारखा नव्हता. तेथें खूणच हवी होती.

ती खूण वाचण्याचें साधन १९७५ सालीं मिळालें. केंब्रिज येथें सेझार मिल्स्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनीं एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची युक्ति शोधून काढली. प्रतिपिंड म्हणजे एका विशिष्ट आकारालाच जाऊन चिकटणारा पदार्थ. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्यास लागूं नये, तसा. या शोधाबद्दल त्यांना १९८४ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेंत बोस्टन येथील एलिस राइनहर्ट्झ आणि स्टुअर्ट श्लॉसमन, तसेंच त्यांचे सहकारी पॅट्रिक कुंग व गिडियन गोल्डस्टीन यांनीं या युक्तीनें असे प्रतिपिंड तयार केले, कीं त्यांतला एक केवळ साहाय्यक पेशींस चिकटे आणि दुसरा केवळ मारक पेशींस. म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर खुणा होत्याच; त्या वाचणारा डोळा तेवढा आतां लाभला. साहाय्यक पेशींच्या खुणेस टी-४ आणि मारक पेशींच्या खुणेस टी-८ अशीं नांवें पडलीं. एकच खूण निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या नांवांनीं ओळखूं लागल्यामुळें घोटाळा होऊं लागला. तो मिटविण्यासाठीं १९८२ सालीं पॅरिस येथें तज्ज्ञ जमले आणि त्यांनीं सर्वांसाठीं एक नामावली ठरविली. त्या नामावलींत टी-४ ची सीडी-४ झाली व टी-८ ची सीडी-८.

मोजणीचें यंत्र त्याआधींच सिद्ध झालेलें होतें. स्टॅनफर्ड येथें लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनीं १९६९ च्या सुमारास त्याची उभारणी केली. प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडावयाचा, तो रक्तांत मिसळावयाचा, आणि मग पेशींना एका बारीक धारेंतून एकामागून एक प्रकाशझोतासमोरून न्यावयाचें. जिच्या अंगावर ती खूण असेल ती पेशी चमकते, नसेल ती तशीच पुढें जाते. चिंचोळ्या वेशीवर बसून आंत येणाऱ्या दिंडीचीं निशाणें मोजावींत, तसाच हा प्रकार.

आतां कालक्रमाकडे लक्ष द्यावें. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या एका सरकारी साप्ताहिक वृत्तांतांत लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांच्या विचित्र आजाराची हकीकत प्रसिद्ध झाली. धडधाकट माणसास सहसा न होणारा फुप्फुसाचा दाह त्यांना झाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मायकेल गॉटलीब व त्यांचे सहकारी यांनीं त्या रोग्यांच्या रक्ताची नवी तपासणी प्रसिद्ध केली. साहाय्यक पेशी त्या रक्तांतून जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. ही खूण वाचतां येऊं लागून त्या वेळीं अवघीं दोन वर्षें झालीं होतीं! हा रोग दहा वर्षें आधीं उघडकीस आला असता, तर वैद्यांना "रोग्याची शक्ति खचली आहे" यापलीकडे फारसें कांहीं सांगतां आलें नसतें. शास्त्राच्या इतिहासांत साधन आणि संकट यांची अशी गांठ क्वचितच पडते.

पुढील पावलें झपाट्यानें पडलीं. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांना रोग्याच्या ग्रंथींत एक नवा विषाणु सांपडला. १९८६ पासून आपण त्यास एचआयव्ही म्हणतों. हा विषाणु नेमक्या साहाय्यक पेशींचाच घात कां करतो, या प्रश्नाचें उत्तर १९८४ च्या डिसेंबरांत लंडन आणि पॅरिस येथील दोन गटांनीं एकाच वेळीं दिलें. पेशीवरील सीडी-४ ही खूण प्रतिपिंडांनीं झांकून टाकली, तर विषाणूस आंत शिरतां येत नाहीं, असें त्यांना आढळलें. म्हणजे जी खूण पाहून शास्त्रज्ञ पेशी ओळखीत होते, तीच खूण विषाणूचा दरवाजा होती. १९९६ सालीं आणखी एक गोष्ट कळली. या दारास दुसरीहि एक कडी आहे. सीसीआर-५ नांवाची खूण ती बहुधा पुरविते. जन्मतःच दोन्ही पालकांकडून ही कडी नसलेला वारसा मिळालेलीं थोडीं माणसें विषाणूच्या संसर्गापासून बऱ्याच अंशीं सुरक्षित राहतात.

आपल्या देशांत हा रोग प्रथम ओळखला गेला तो १९८६ सालीं मद्रासेंत, आणि त्या कथेशीं एका मराठी घराण्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. त्यांचें कुटुंब मराठी असून चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासेंत स्थायिक झालेलें. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनें मद्रासेंतील शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते वेल्लोरास नेऊन तपासतांच त्यांतील सहांमध्यें संसर्गाचा पुरावा मिळाला. "हा परक्यांचा रोग, तो आमच्याकडे कसा असेल?" असें म्हणणाऱ्या समाजास त्या सहा नमुन्यांनीं निरुत्तर केलें. पुढें १९९३ सालीं सुनीतीबाईंनीं आपल्या वडिलांच्या नांवानें वाय. आर. गायतोंडे केंद्राची स्थापना केली, आणि २०१५ सालीं निधन होईपर्यंत रोग्यांची सेवा केली. महाराष्ट्रांत १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. तिचें नांव पुढें बदललें.

आतां आपण पेशीच्या अंगावरच येऊं. विषाणु आंत शिरल्यावर तेथील खुणांचें काय होतें?

पहिली गोष्ट ही, कीं ज्या दारानें आंत आला तें दारच तो उखडून टाकतो. त्याचें नेफ नांवाचें एक प्रथिन पृष्ठभागावरील सीडी-४ ओढून आंत नेतें आणि पेशीच्या पचनस्थानाकडे धाडतें. व्हीपीयू नांवाचें दुसरें प्रथिन नव्यानें घडत असलेली सीडी-४ कारखान्यांतच गांठून तिचा नाश करवितें. विषाणूच्या आवरणाचें कच्चें प्रथिनहि तिला वाटेंत अडकवून ठेवतें. एका खुणेमागें तिघे लागलेले! याचें कारण उघड आहे. दार उघडें राहिलें तर दुसरा विषाणु आंत शिरून गोंधळ करील. शिवाय नव्यानें जन्मलेले विषाणु बाहेर पडतांना त्याच सीडी-४ स चिकटून बसतील. चोरानें घरांत शिरल्यावर आंतून कडी लावावी, तसें हें झालें.

दुसरी गोष्ट अधिक कावेबाज आहे. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए नांवाच्या खुणांतून आपल्या आंत काय चाललें आहे त्याचे नमुने मांडून ठेवते. मारक पेशी ते पाहून रोगट पेशी ओळखतात. नेफ यांतील ए आणि बी प्रकारच्या खुणा कमी करतें, म्हणजे आंत काय चाललें आहे तें बाहेरच्या पहारेकऱ्यास कळूं नये. परंतु सर्वच खुणा एकदम पुसल्या तर दुसऱ्या जातीच्या पहारेकरी पेशींना संशय येतो, म्हणून सी प्रकारची खूण नेफ बहुधा तशीच राहूं देतें.

तिसरी गोष्ट अशी, कीं बाधा न झालेल्या पेशींवरहि नव्या खुणा उगवतात. शरीर अखंड लढत असल्यामुळें मारक पेशींवर सीडी-३८ आणि एचएलए-डीआर या जागृतीच्या खुणा दाट दिसूं लागतात. लॉस एंजेलिस येथील जॅनिस जॉर्जी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें, कीं या खुणा जितक्या दाट तितकी रोग्याची प्रकृति लौकर ढासळते. २००६ सालीं पीडी-१ नांवाच्या आणखी एका खुणेकडे लक्ष गेलें. लढून लढून थकलेल्या मारक पेशींवर ती वाढलेली आढळली. औषधानें विषाणु दबला म्हणजे या खुणाहि बऱ्याच ओसरतात, परंतु कित्येकांत त्या पूर्ववत् होत नाहींत.

येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं देतां कामा नये. एकेका बाधित पेशीवरील सीडी-४ कमी होणें ही एक गोष्ट, आणि रक्तांतील सीडी-४ पेशींची संख्या घटणें ही दुसरी. संख्या घटते ती बाधित पेशी मरतात म्हणून तर खरीच, पण तेवढ्यानेंच नव्हे. सततच्या चेतनेनें आणि दाहानें बाधा न झालेल्या पेशीहि मोठ्या प्रमाणांत मरतात. वैद्य जी मोजतात ती ही संख्या. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत ती सामान्यतः ५०० ते १५०० असते.

या संख्येनेंच पुढें माणसांचें भवितव्य ठरूं लागलें. १९९३ पासून अमेरिकेंत ही संख्या २०० च्या खालीं गेली म्हणजे एड्स झाला असें धरूं लागले. आपल्या सरकारनें १ एप्रिल २००४ रोजीं विनामूल्य औषधयोजना सुरू केली. देशांतील आठ रुग्णालयांपासून आरंभ झाला. त्यांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. गंभीर लक्षणें नसतील, तर औषध मिळण्यासाठीं साधारण २०० च्या खालचा आंकडा लागे. औषधें थोडीं, रोगी फार, आणि त्या काळच्या औषधांचा त्रासहि पुष्कळ. म्हणून रेघ कोठेंतरी ओढणें भाग होतें. परंतु रेघेच्या अलीकडे उभा असलेल्या मनुष्याच्या जागीं क्षणभर उभे राहून पाहा. माढा किंवा कुर्डुवाडीच्या बाजूचा एखादा शेतमजूर दिवसाची मजुरी बुडवून मोठ्या शहरांतील यंत्रापर्यंत जातो. रक्त काढल्यापासून फार वेळ लोटून चालत नाहीं. आंकडा येतो २४०. "अजून औषधाची वेळ आलेली नाहीं, कांहीं महिन्यांनीं पुन्हां या," असें ऐकून तो परततो. प्रकृति आणखी खालावल्यावर यावें, एवढाच त्या निरोपाचा अर्थ.

आंकड्यावर इतकें अवलंबून असेल तर माप एकच हवें. माढ्याच्या बाजारांतील पायली आणि बार्शीच्या बाजारांतील पायली यांत फरक पडला तर शेतकरी बुडतो. येथें तर जीवाचा प्रश्न. देशभरच्या प्रयोगशाळांना एकाच रक्ताचे नमुने पाठवून त्यांची मोजणी जुळते कीं नाहीं हें पाहण्याचें काम भोसरीच्या संस्थेनें अंगावर घेतलें. वर्तमानपत्रांत अशा कामाचा गाजावाजा होत नाहीं. पण अशा कामामुळेंच एका गांवचा २०० दुसऱ्या गांवच्या २०० शीं जुळला.

पुढें त्या रेघेचीच परीक्षा झाली. आंकडा चांगला दिसला कीं औषध थांबवावें आणि घसरला कीं पुन्हां द्यावें, असा प्रयोग तेहतीस देशांतील ५,४७२ रोग्यांवर चालू होता. २००६ सालीं तो मध्येंच थांबवावा लागला, कारण औषध थांबविलेल्यांत आजार व मृत्यु यांचा धोका अडीच पटींहून अधिक भरला. २०११ सालीं नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष बाहेर आला. त्यांत पुण्याचीं व मद्रासचीं जोडपींहि होतीं. बाधित जोडीदारास रेघेची वाट न पाहतां लगेच औषध दिलें, तर दुसऱ्यास त्याच्याकडून होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनीं टळतो, असें सिद्ध झालें. २०१५ सालीं तिसरा पुरावा आला: आंकडा ५०० च्या वर असतांनाच औषध सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यु निम्म्याहून कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेची रेघ २०१० सालीं ३५० वर आणि २०१३ सालीं ५०० वर गेली होती. २०१५ सालीं ती पुसलीच गेली. भारतानें २०१७ सालीं तेंच धोरण स्वीकारलें. आज आंकडा कोणताहि असो, निदान झालेल्या प्रत्येकास औषध देणें हें धोरण आहे. सीडी-४ ची मोजणी संपलेली नाहीं. कोण अधिक संकटांत आहे, कोणास इतर रोगांपासून लौकर जपावयास हवें, हें ओळखण्यासाठीं ती आजहि करतात. पूर्वी ती औषधाच्या दारावरचा पहारेकरी होती; आतां ती वाटाड्याचें काम करते.

असो. खुणांची ही कथा पेशींपाशींच संपत नाहीं. या रोगाची खूण पेशीच्या अंगावर असते, माणसाच्या कपाळावर नसते. तरीहि समाजानें ती कपाळावर शोधण्याचा हट्ट धरला. शाळेच्या बांकावरून मूल उठविलें गेलें, विहिरीवर भांडें वेगळें ठेवावयास लागलें, विधवेस सासरच्या घराबाहेर काढलें गेलें. ज्या विषाणूची खूण वाचण्यास प्रतिपिंड, प्रकाशझोत आणि देशोदेशींच्या विद्वानांची बुद्धि लागली, ती खूण शेजाऱ्यांनीं नुसत्या कुजबुजीवरून वाचली म्हणे!

याच मुलखांत या हट्टास उत्तरहि मिळालें. पंढरपुरांत मंगलताई शहा यांनीं 'पालवी' ही संस्था उभी केली. जीं बाधित बालकें आप्तांनाहि नकोशीं झालीं होतीं, त्यांना त्यांनीं छत, शिक्षण आणि माया दिली. तिकडे दिल्लींत २०१७ सालीं एचआयव्ही-बाधितांच्या हक्कांचा कायदा संमत झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलांत आला. नोकरी, शिक्षण, औषधोपचार आणि निवारा यांत भेदभाव करण्यास त्यानें मनाई केली. कायद्यानें दार उघडतें; आंत या म्हणणारें माणूस मात्र घरांतलेंच लागतें.

म्हणून शेवटीं पुन्हां वारीकडे वळतों. दिंडीचा क्रमांक असतो तो चुकलेल्यास त्याच्या माणसांत पोंचविण्यासाठीं. त्या खुणेवरून कोणासहि पंगतींतून उठवीत नाहींत. पेशीवरील खूण वाचावयास आपण शिकलों तीहि याच हेतूनें: रोगी औषधापर्यंत पोंचावा म्हणून. माढ्याचा मजूर आतां आंकडा पडण्याची वाट पाहत परत जात नाहीं. तो औषध घेऊन घरीं येतो, तेव्हां घराचें दार त्याला उघडें मिळावें, एवढें काम आपल्या हातचें आहे.